हात मागं बांधून

३ नोव्हेंबर २००३, सोमवार

आज मॅडमनी नवीन पेशंट माझ्या वाट्याला दिला. राबियाबी, वय छप्पन, मशिदीमागच्या आळीत राहते. शिवणकाम करायची. सप्टेंबरात अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू पडली. आता तोंड सरळ झालंय, बोलते चांगली, काठी धरून खोलीतल्या खोलीत चालते. उजवा हात मात्र मांडीवर ठेवावा तिथंच राहतो, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. रोज दवाखान्यात आणणारं कोणी नाही, म्हणून मी दुपारी तीनला तिच्या घरी जायचं, व्यायाम करून घ्यायचे आणि कार्डावर खुणा करायच्या.

मॅडम म्हणजे करुणा मॅडम. एसटी स्टँडच्या मागं दोन खोल्यांत त्यांचा व्यायामाचा दवाखाना. लोक शेकाचा दवाखाना म्हणतात, ते त्यांना आवडत नाही. कामाला आम्ही दोघं. मी आणि मशिनी बघणारे पोपटराव. मॅडमनी आल्या आल्या रंगाऱ्याकडून भिंतीवर लिहून घेतलंय, ‘आमची गरज कोणाला राहू नये, यासाठी आम्ही आहोत.’ पोपटराव म्हणतात, आमचं मीठ तुम्हाला लागू नये असं लिहिणारा किराणावाला कुणी बघितलाय का.

पण मॅडमचं सगळं त्या एका ओळीतून निघतं. पेशंटला जे करता येईल ते आपण करायचं नाही. तो धडपडत असला तर हात पाठीमागं बांधून उभं राहायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं. पडतच असेल तर धरायचं. दर शनिवारी त्या विचारतात, कोणाचा हात कुठं सुटला. मी दर शनिवारी एखाददुसरं कबूल करते. दौंडला दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं आयाचं काम केलं. तिथं हात बांधून उभी राहिले असते तर दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती.

५ नोव्हेंबर

राबियाबीचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं ओटा. जाऊ शहाबानो भिंतीपलीकडं राहते, डबा देते, रात्री झोपायला येते. दिवसा तिला तिची लेकरं पुरतात.

राबियाबी रोजे धरू शकत नाही म्हणून खट्टू होती. मी म्हटलं, आजाऱ्याला माफ असतं की. ती म्हणाली, तुला गं काय ठाऊक. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षांत तुमच्यातल्या कितीक आजाऱ्यांना मौलवींनीच येऊन सांगितलेलं ऐकलंय. मग हसली. समोरचा एक दात नाही. हसताना तोंडावर हात न्यायची तिची सवय असावी, कारण हसली आणि उजव्या हाताकडं बघून गप झाली.

व्यायाम असा. पितळी ग्लास रिकामा. तो उजव्या हातानं धरायचा, उचलायचा, तोंडाशी न्यायचा, वीस वेळा. नंतर त्यात घोटभर पाणी. नंतर निम्मा. असंच घास, असाच कंगवा. तिनं बोटं ग्लासाभोवती नेली आणि कपाळावर घाम आला. मी सात मोजले असतील. मग माझा हात गेला, तिच्या हातावर ठेवून ग्लास वर नेला. वीस वेळा नेला. हात हलला तर खरा. कार्डावर खूण केली.

९ नोव्हेंबर, रविवार

आज सुट्टी. सकाळी कपडे धुतले, डबे पुसले. शेजारच्यांच्या फोनवर लेकाचा, सम्राटचा फोन येतो म्हणून दुपारपर्यंत दारात बसले. त्याला सुट्टी मिळाली नसेल. आधी रांजणगावच्या कंपनीत होता तवा आम्ही दोघं याच खोलीत होतो. त्याच्यासाठीच मी दौंड सोडून इकडं शिरूरला आले. मग त्याची बदली गुजरातला झाली. घर घेतलं की बोलावतो म्हणालाय, त्याला तीन वर्षं झाली. घरं महाग आहेत तिकडं.

तीन वाजले तसं राहवेना. राबियाबीकडं गेले. सुट्टी असली म्हणून हाताला थोडीच सुट्टी असते. तेल लावून वेणी घातली. केस अजून दाट आहेत. बोलता बोलता पाच कधी वाजले कळलं नाही. रविवारचीही खूण केली.

२६ नोव्हेंबर

ईद. मी सकाळीच गेले. राबियाबीची मुलगी मेहक दौंडहून आली होती. तिथं शाळेत शिकवते, जावई रेल्वेत आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, आता पाचवा महिना आहे. राबियाबीचा चेहरा असा होता की वारं गेलं ते दुसऱ्या कोणावरून असं वाटावं.

पहिलं बाळंतपण आईनं करायचं. पण आई अशी. मेहकला सासू नाही. राबियाबीचा दीर म्हणाला, भाभी दौंडला गेली तर त्या पोरीला बाळ एक आणि आई एक अशी दोन लेकरं सांभाळावी लागतील. बोलला ते वाईट मनानं नाही.  सगळे बाहेर गेल्यावर राबियाबी मला म्हणाली, मॅडमला विचार, मार्चपर्यंत हात येईल का.

शिरखुर्मा मी चमच्यानं भरवला. नवे कपडे होते, सांडले असते.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, येईल. पहिल्या सहा महिन्यांत हात लवकर शिकतो, पुढं आळसावतो, म्हणून आत्ताच घाम गाळायचा. मी जाऊन सांगितलं, येईल म्हणाल्या. घामाचं सांगायचं राहिलं.

१४ डिसेंबर

थंडी वाढलीय. आता आमचं ठरून गेलंय. मी गेले की आधी चहा टाकते. तिला पाजते, मी पिते. अंगाला तेल. मग तिचं खाणं, कारण शहाबानोचा डबा दुपारी झाकून ठेवलेला असतो, मी आल्याशिवाय ती उघडत नाही. मग गोष्टी. ती शिवणाच्या सांगते, कुठल्या नवरीचा ब्लाउज लग्नाच्या दिवशी उसवला ते. मी दवाखान्याच्या सांगते. मी अक्षरं केसपेपरवरून शिकले याचं तिला फार कौतुक. शेवटी ग्लास वीस वेळा.

आज तिला म्हटलं, आमच्या सम्राटच्या वडलांनाही असंच झालं होतं. अकरा महिने अंथरुणावर होते. अकरा महिन्यांत त्यांना एक घास स्वतःच्या हातानं खाऊ दिला नाही, एक फोड अंगावर उठू दिला नाही. मोठे डॉक्टर बघायला आले तर म्हणाले, बाई, नर्सनं शिकावं तुमच्याकडून. राबियाबी म्हणाली, नशीबवान होते.

शनिवारी मॅडमनी विचारलं तेव्हा दवाखान्यातलं एक सांगितलं. राबियाबीच्या घरचं विचारलं नव्हतं.

१ जानेवारी २००४

कोरेगावला जाऊन आले. आमच्या आळीतल्या बायका टेम्पोनं निघाल्या होत्या. स्तंभाला वंदन केलं. एवढी माणसं, एवढी लेकरं, सगळी नव्या कपड्यांत. पण तीन वाजले तसं आठवलं, डबा तसाच झाकून असेल. त्यातली बानूबाई म्हणाली, घरी कोण वाट बघतंय गं तुझी. म्हटलं, हाय एक जण. बरं वाटलं म्हणताना.

२ जानेवारी

काल माझी सुट्टी म्हणून मॅडम स्वतः राबियाबीकडं गेल्या होत्या.

आज त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर कार्ड होतं, दोन महिन्यांच्या खुणा, एकही दिवस कोरा नाही. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मावशी, या कार्डाप्रमाणे राबियाबींनी आता स्वतःची वेणी घालायला हवी होती. मी काल त्यांच्यापुढं पाणी ठेवलं. त्यांनी ग्लासकडं बघितलं आणि मला विचारलं, रंभाबाई कवा येणार.”

मी म्हटलं, त्यांना त्रास होतो मॅडम, घाम येतो. मॅडम म्हणाल्या, सहातले चार महिने संपत आले. मग म्हणाल्या, “मावशी, राबियाबी बऱ्या झाल्या तर तुमची दुपार कशी जाईल, याचा कधी विचार केलाय का?”

मला वाटलं, त्यांना माझ्या कामाची काळजी. म्हटलं, माझं काय, दुसरा पेशंट द्या की. त्या म्हणाल्या, सोमवारपासून राबियाबीकडं पोपटराव जातील.

साठी ओलांडलेल्या बाईला असं कोणी बोलतं का. मी काय मारलं का कोणाला. दोन घास भरवले.

५ जानेवारी

कामावर गेले. लाद्या पुसल्या. चादरी बदलल्या. तीन वाजता पोपटराव डोक्याला तेल लावून निघाले. चारला परत. म्हणाले, हात मागं बांधून पोलीस पाटलासारखा उभा राहिलो, बाई भिंतीकडं तोंड करून बसली. परक्या गड्यासमोर कसं, म्हणून शहाबानो येऊन बसली, तिची तिन्ही पोरं येऊन बसली, तमाशाच झाला.

मला हसू आलं. मग हसू आल्याचं वाईट वाटलं.

घरी भाकरी एकच केली.

७ जानेवारी

शहाबानोचा निरोप आला, राबियाबीनं बोलावलंय. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जा, पण मावशी म्हणून जायचं की दवाखान्याची माणूस म्हणून, ते तुम्ही ठरवा.

गेले. वाटलं होतं रडेल. ती रागावलेली होती. डबा उघडा होता, भात जमिनीवर सांडलेला, तिच्या ओढणीला डाळ. डाव्या हातानं खाऊन बघितलं म्हणे, मग उजव्यानं. मी भात गोळा करायला वाकले तर म्हणाली, राहू दे, खाली बस. मी बसले.

म्हणाली, “तू भरवतेस तवा मला माझी आई भरवतीय वाटतं. मलाबी गोड लागलं, तुझ्या एकटीचा दोष न्हाई. पण मेहकचं लेकरू मी कुणाच्या हातानं धरू, रंभाबाई? तुझ्या?”

मी तोंड उघडलं होतं, धर की, म्हणायला. काय बोलणार होते ते मलाच ऐकू आलं आणि गप बसले.

भात तिनं पाठमोरी बसून गोळा केला. अर्धा तास लागला. मी बघत होते. अख्ख्या आयुष्यात इतकं जड काम केलं नाही.

१२ जानेवारी

हात सारखे सुटतात. आज तीन वेळा. तिनं तिची ओढणी काढली, म्हणाली, वळ. डाव्या हातानं आणि दातानं माझे हात पाठीमागं बांधले. गाठ सैलच होती, ओढली असती तर सुटली असती. शहाबानो कशाला तरी आली, दारातच थांबली, म्हणाली, अगं बाई, चोर धरला का काय. आम्ही तिघी इतक्या हसलो की ग्लास आडवा झाला. राबियाबी हसताना उजवा हात तोंडाकडं निघाला होता. पोटापर्यंत आला आणि पडला. तिच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून.

कार्डावर आज खूण अर्धी केली. मॅडमनी कारण विचारलं. म्हटलं, विसातले नऊच झाले. आजचा चहा त्यांनी केला.

२० जानेवारी

आज विचारलं. चार दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. दवाखाना बंद करताना मॅडम चपला घालत होत्या, तेव्हा म्हटलं, मॅडम, सम्राटच्या वडलांना मी अकरा महिने भरवलं. भरवलं नसतं तर ते उठले असते का?

त्या एक चप्पल घालून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मला माहीत नाही, मावशी. मी त्यांना बघितलं नव्हतं. कदाचित नसते उठले. कदाचित थोडे उठले असते.”

मग म्हणाल्या, तेव्हा तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

खोटं बोलल्या असत्या तर मी खुशाल विश्वास ठेवला असता.

सम्राटच्या वडलांची एक गोष्ट आठवतीय. पहिल्या महिन्यात एकदा त्यांनी माझ्या हातातला घास घेण्यासाठी हात पुढं केला होता. मी म्हटलं होतं, तुम्ही कशाला त्रास घेताय. प्रेमानं म्हटलं होतं.

२३ जानेवारी

बरं नाही. कामाला गेले नाही.

२ फेब्रुवारी

बकरी ईद. मेहकला प्रवास मना केलाय म्हणून ती आली नाही. राबियाबीच्या पुढं ताट होतं. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून तिनं पाच घास खाल्ले. सहावा मांडीवर. मी भिंतीला टेकून, हात पाठीखाली दाबून बसले होते. मुंग्या आल्या.

मधेच म्हणाली, काहीतरी सांग की, नुसती काय बघतेस. खरंच की. भरवत असताना तोंड चालायचं, हात बांधल्यापासून माझं बोलणंच बंद झालं होतं. मग तिला सम्राटच्या वडलांच्या त्या घासाचं सांगितलं. कोणाला कधी सांगितलं नव्हतं. तिनं डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. मग सातवा घास घेतला.

११ फेब्रुवारी

प्यायली. आज चार वाजून दहा मिनिटांनी. निम्मा ग्लास, एका हातानं. हनुवटीवरून सांडलं, पण प्यायली. ग्लास खाली ठेवला तोही आवाज न करता.

मी उठून बाहेर ओट्यावर गेले. काय झालं विचारलं तर म्हटलं, धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेली नव्हती.

२८ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी राबियाबीला दवाखान्यात बोलावून जिने चढवून बघितले. मेहकचं क्वार्टर वरच्या मजल्यावर आहे, वीस पायऱ्या. चढली. उतरताना घाबरली, पण उतरली. बटणं लावली, वेणी घातली, जरा वाकडी. दोन किलोच्या पिठाची पिशवी दुपट्यात गुंडाळून मॅडमनी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, हे बाळ, मांडीवर घ्या, डोकं सांभाळा. राबियाबीनं पिशवीला असं काही धरलं की पोपटरावांनी मशीन बंद केलं आणि तोंड फिरवलं.

मॅडम म्हणाल्या, जाऊ शकता. शिवण लगेच जमायचं नाही, बोटं अजून जाड चालतात. तेही येईल, नाहीतर नाही येणार.

आजच्या बैठकीत कोणाचा हात कुठं सुटला विचारलं, तेव्हा माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. पोपटराव म्हणाले, मावशी नापास झाल्या.

१४ मार्च, रविवार

राबियाबी दौंडला गेली. दीर सोबत होता. मी स्टँडवर सकाळी साडेसातलाच पोचले, गाडी नऊची. बसची पायरी उंच असते. तिनं दांडा धरला, काठी दिराकडं दिली, वर गेली. खिडकीतून म्हणाली, ये गं, बारसं झालं की ये. आमच्यात बारसं म्हणत न्हाईत, पण तुला समजावं म्हणून म्हणतेय. गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत उभी होते.

घरी येऊन बसले. शेजारचा फोन दोनदा वाजला. त्यांचाच होता.

१५ मार्च

तीन वाजता निघाले होते. मशिदीच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा आठवलं. परत फिरताना लोक बघतील म्हणून काहीबाही घ्यायला आल्यासारखं केलं आणि दुकानातून साबण घेतला.

२ एप्रिल

मेहकला मुलगी झाली. शहाबानोनं सांगितलं. राबियाबीनं स्वतः बाळाचं तेलपाणी केलं म्हणे.

मॅडमनी कवठे येमाईचा एक पेशंट देऊ का विचारलं. कमरेचा आहे, गडी माणूस, बोलत फार नाही. म्हटलं, द्या.

१८ एप्रिल, रविवार

दौंडला जाऊन आले.

बाळाला झबलं नेलं होतं, विकतचं. क्वार्टरच्या पायऱ्या मोजल्या, वीसच आहेत. दार राबियाबीनं उघडलं. काठी दाराआड होती, हातात नव्हती. घर मोठं नाही, पण सगळीकडं तिचा हात फिरलेला दिसत होता. दोरीवर लंगोट सारख्या अंतरावर वाळत घातलेले. मेहक आत झोपलेली, तिच्या कुशीत बाळ. दारातूनच बघितलं. जावळ दाट आहे, आजीसारखं.

मी म्हटलं, भांडी घासू का. म्हणाली, झाली. म्हटलं, भाजी चिरू. म्हणाली, चिरलीय, तू बस. मग तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं. उजव्या हातानं वाढत होती, चमचा जरा हलत होता पण सांडलं नाही. मी अर्धवट उठले तर म्हणाली, बस म्हटलं ना, पाहुणी हायस तू. आणखी वाढलं. जेवताना मधेमधे आत जाऊन येत होती, बाळ कुरकुरलं की. मी एकटीच जेवत होते तेवढा वेळ. भाजीत मीठ बरोबर होतं.

बाळ उठलं असतं तर मांडीवर घेतलं असतं. पण झोपलेलं होतं, आणि शिरूरची गाडी चारची. राबियाबी म्हणाली, राहा की आजचा दिवस. मेहक आत कूस बदलताना कण्हली तशी ती तिकडं गेली, आणि तिथूनच म्हणाली, अल्ला हाफिज, सांभाळून जा. मी दार ओढून घेतलं, आवाज होऊ नये असं.

गाडीत खिडकी मिळाली. घरी आले तर सात वाजले होते. भूक नव्हती, दुपारचं पोटभर झालं होतं. शेजारीण म्हणाली, सम्राटचा फोन आला होता दुपारी, तू नव्हतीस. पुढच्या रविवारी करतो म्हणाला.

आज दिवसभरात मी कोणाचं काहीच केलं नाही. बसले, जेवले आणि आले. मॅडमना उद्या सांगायचं, राबियाबीचं छान चाललंय, आपल्याला आता बघायला नको.